वरचं एक सफरचंद

मी बोलतोय. दचकू नका. ती पावाची बाहुली बोलत नाहीये, तिच्या शेजारी पाहा. शेंगदाण्याच्या सुपाचं भांडं आणि कांद्याचं फूल यांच्या मधे, काळ्या कापडावर शेपूट गुंडाळून बसलाय तो मी. कॉम्प्युटरचा माऊस. एकेकाळी माझा रंग कोळशासारखा होता. आता जिथे जिथे बोटं पडली तिथे तिथे मी जुन्या पितळी मापासारखा गुळगुळीत झालोय.

मेलेल्या माणसासाठी मांडलेल्या टेबलावर माझं काय काम, ते सांगतो. पण आधी एक उघड करतो. मी बाजारातल्या माणसांत वाढलो, आणि बाजाराचा पहिला नियम मला पाठ आहे: मालात खोट असेल तर गिऱ्हाइकाला सापडायच्या आत आपणच दाखवावी. माझ्यात खोट होती. माझं डावं बटण एकदा दाबलं की दोनदा दाबल्यासारखं व्हायचं. एवढं ध्यानात ठेवा आणि आरामात बसा.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या कारखान्यातला. आई-बाप म्हणाल तर एक साचा आणि एक बाई. त्या बाईनं माझ्या पोटात पत्र्याची इवलीशी पट्टी बसवली, आणि नेमकी बसवताना तिला शिंक आली. खोट त्या शिंकेची असावी असा माझा कयास आहे. तक्रार नाही. पुढे त्या शिंकेवरच माझं नशीब फळफळलं.

जहाजातून बंदर, बंदरातून ट्रक, ट्रकमधून पठार ओलांडून कोचाबांबा शहर. इथे बाप्याला मानानं ‘दोन’ म्हणतात, बाईला ‘दोन्या’. तर दोन सिरिलो नावाच्या गृहस्थानं मला त्याच्या इंटरनेटच्या दुकानात, कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरला जोडलं. गोळीबाराचे गेम खेळणारी पोरं आठवडाभरात मला कंटाळली. एक गोळी झाडावी तर मी दोन झाडायचो. शिव्या खाऊन खाऊन मी त्या कोपऱ्यात एकटा पडलो. तिथे फक्त वडीलधारी मंडळी बसायची. आणि ही वडीलधारी मंडळी काय खेळायची, ते ऐकलंत तर तुम्हालाही हसू येईल.

ती नोकरी खेळायची.

दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करणारी एक बाई यायची. ती पाण्याच्या फवाऱ्यानं भिंती धुवायचा गेम खेळायची. सिरिलो म्हणायचा, ‘‘सेन्योरा, दिवसभर तेच करता ना?’’ ती म्हणायची, ‘‘तिथली भिंत उद्या परत मळते रे. इथली मळत नाही.’’ एक पोलीस होता, तो पेट्रोलपंपावर काम करायचा गेम खेळायचा आणि चुकूनसुद्धा कुणाकडून जास्त घ्यायचा नाही. आणि दोन सेवेरो. गाव ओळखायचं त्याला. सकाळपासून मिनीबस चालवायची, गुडघा धरून उतरायचं, आणि सिरिलोकडे येऊन पुन्हा बस चालवायची. खऱ्या रस्त्यावर या माणसानं जन्मात वळताना दिवा दाखवला नाही. गेममध्ये मात्र मोकळ्या माळावरसुद्धा दाखवायचा.

‘‘दोन सेवेरो, इथे दिवा कुणाला दाखवताय? मागे काळं कुत्रं नाही,’’ सिरिलो चिडवायचा.

‘‘इथे मागून कुणी आईवरून शिव्या देत नाही. नीट वागायला माणसाला थोडी शांतता लागते, कळलं?’’

मला कळलं. जगभर लोक हे असले गेम डोक्यावर घेतात, शिकलेले लोक त्यावर हसतात. मी हसत नाही. माणसाला कामाचा कंटाळा नसतो. काम पुरं न होण्याचा असतो. गेममध्ये काम पुरं होतं, आणि झालं की कुणीतरी ‘छान’ म्हणतं. कोचाबांबात सेवेरोला ‘छान’ कोण म्हणणार होतं?

पुढे हातोहाती फोन आले आणि सिरिलोचं दुकान बसलं. सेवेरोनं कोपऱ्यातला कॉम्प्युटर माझ्यासकट उचलला.

‘‘हा माऊस एका गोष्टीला दोनदा बोलतो हं,’’ सिरिलोनं सांगितलं. भला माणूस.

‘‘मीपण बोलतो. म्हणून तर बायको आधी गेली.’’

सेवेरो ज्या घरात भाड्यानं राहायचा, ते घर दोन्या बेनिग्नाचं. बाई कसली, बाजाराची राणी. बटाटे आणि चुन्यो विकायची. थंडीत गोठवून वाळवलेल्या त्या काळ्या बटाट्यांचा ढीग तिच्या गाळ्यावर असा रचलेला असायचा की बोट लावलं तर ढासळेल, पण ढासळायचा नाही. गिऱ्हाईक तिला ‘कासेरा’ म्हणायचं, ती गिऱ्हाइकाला ‘कासेरा’ म्हणायची. एकदा कासेरा झालं की जन्माची गाठ. आणि तोलून झालं की वर मूठभर घालायची. त्याला इथे ‘यापा’ म्हणतात. काटा बोलून झाल्यावर हात बोलतो, तो यापा. काट्याचं गिऱ्हाईक निघून जातं, हाताचं परत येतं.

तिला एकच मुलगी, नोएमी. ती शहरातल्या मोठ्या सुपरमार्केटमध्ये काउंटरवर बसायची. आईला ते कधी रुचलं नाही. ‘‘तिथे यंत्र टुक् करतं आणि माणूस गप्प बसतो. तो काय धंदा झाला?’’ नोएमी आईला ‘मामी’ म्हणायची. ती सांगायची, ‘‘मामी, तिथे एक द्राक्ष जास्त गेलं तरी मला आत बोलावतात.’’

मग एका सकाळी गाळ्यावरच बेनिग्नाला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. ती इस्पितळात बेशुद्ध पडलेली असताना बाजारातले लोक नोएमीकडे आले. गाळा रिकामा ठेवता येत नाही. चालवायचा, नाहीतर सोडायचा. इस्पितळाच्या खर्चात हात आखडता घेता येईना, नोकरी सोडता येईना. नोएमीनं गाळा दुसऱ्या बाईला देऊन टाकला.

बेनिग्ना शुद्धीवर आली, घरी आली, आणि तिला हे कळलं. ओठ वाकडे झाले होते, पण शब्द सरळ आले.

‘‘मी जिवंत असताना माझं टेबल मांडलंस.’’

आमच्याकडे याहून कडू वाक्य नाही. टेबल मेलेल्यांचं असतं. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला भर दुपारी आत्मे घरी येतात, दुसऱ्या दिवशी दुपारी परत जातात. तेवढ्या वेळासाठी त्यांच्या आवडीचं सगळं मांडायचं. तीन वर्षं मांडायचं. तिसऱ्या वर्षानंतर आत्मा घरी येत नाही.

त्या दिवसापासून बेनिग्नानं मुलीच्या हातचं खाणं सोडलं. बोलणंही सोडलं. नोएमीनं ताट ठेवावं, तिनं भिंतीकडे पाहावं. दोन दिवस उपाशी राहिली. तिसऱ्या दिवशी नोएमी भांडं घेऊन सेवेरोच्या दारात उभी राहिली.

‘‘दोन सेवेरो, एवढं आत न्या. कोपऱ्यावरच्या सूपवालीकडून आणलं म्हणा.’’

‘‘मी खोटं बोलू?’’

‘‘पस्तीस वर्षं ‘आत जागा आहे, चढा चढा’ म्हणालात ना? तसंच.’’

सेवेरोनं सूप नेलं. बेनिग्नानं खाल्लं.

ती दिवसभर खुर्चीत बसून भिंत बघते, हे सेवेरोला बघवेना. त्यानं कॉम्प्युटर तिच्या खोलीत हलवला आणि आपला बसचा गेम दाखवला. ती म्हणाली, ‘‘आयुष्यभर बस चालवलीस आणि आता बसून बस चालवतोस? डोक्यावर पडलायस का रे?’’ मग त्यानं दुकान चालवायचा गेम लावला. माल मागवायचा, फळ्या भरायच्या, काउंटरवर उभं राहायचं, सफरचंदं तोलायची. बेनिग्नानं बराच वेळ पाहिलं. मग डावा हात पुढे केला.

तो हात. बोटं आखूड, तळवा रुंद, बटाट्याच्या मातीनं कायमच्या काळ्या पडलेल्या रेघा. तो माझ्यावर पोत्यासारखा पडला. आजवर मला उजव्या हातांची सवय. ते माझ्यावर उजवीकडून यायचे. हा हात डावीकडून आला, आणि त्याचं मधलं बोट माझ्या डाव्या बटणावर विसावलं.

दुकान उघडलं. पहिलं गिऱ्हाईक आलं, माल घेतला, पैसे दिले. बाजारात भवानीची नोट कपाळाला लावून, छातीवर क्रूस काढून, चुंबून मगच गल्ल्यात टाकतात. बेनिग्नाच्या हातात नोट नव्हती. तिनं मलाच उचललं. मी कपाळाला लागलो, छातीवर फिरलो, मग तिच्या वाकड्या ओठांना लागलो. पडद्यावरचा बाण पाखरासारखा भिरभिरला. सेवेरो हसून हसून खोकायला लागला. मी मात्र हसलो नाही. इतक्या वर्षांत मला कुणी मान दिला होता?

पुढचं गिऱ्हाईक आलं. तोलून झालं, चिठ्ठी निघाली. आता बेनिग्नानं पिशवीत वरून एक सफरचंद घातलं.

‘‘अहो दोन्या बेनिग्ना, ते जास्तीचं झालं! त्याचे पैसे येत नाहीत!’’

‘‘माहीत आहे. यापा आहे.’’

‘‘ही माणसं नाहीत हो, यांना पोट नाही!’’

‘‘पोट नसेल. हात तर पुढे केलाय ना?’’

दिवस संपला की गेम लाल अक्षरात तोटा दाखवायचा. बेनिग्ना मान हलवायची, ‘‘याला कुणी धंदा शिकवला? आज तोटा, उद्या रांग.’’ आणि लवकरच तिच्या ध्यानात माझी खोट आली. एक सफरचंद दाबावं तर दोन पडतात! तिनं मला उलटं केलं, सुलटं केलं, पोटातला लाल दिवा डोळे बारीक करून पाहिला.

‘‘सेवेरो, अरे, हा न सांगता यापा देतो. हा आपल्यातला आहे.’’

ज्या खोटीपायी मी लाथाडलो गेलो, तिच्यामुळे मी त्या घरात आपला झालो. सांगा, आता शिंकेला कसा दोष देऊ?

आता एक गोष्ट सांगतो, जी फक्त मला ठाऊक होती. सेवेरो सूप ठेवून जायचा. बेनिग्ना डाव्या हातानं खायची, मग तोच हात माझ्यावर यायचा, शेंगदाण्याचा वास घेऊन. आणि पडद्याकडे बघत ती पुटपुटायची, ‘‘मीठ. परत मीठ. आठ वर्षांची होती तेव्हापासून हिचा हात असाच.’’ मग मोठ्यानं हाक, ‘‘सेवेरो! त्या सूपवालीला सांग, उद्यापण पाठव.’’

तिला ठाऊक होतं. पहिल्या घासापासून ठाऊक होतं. बटाटा हातात घेऊन तो कोणत्या उताराचा ते सांगणारी बाई, तिला पोरीच्या हातचं मीठ कळणार नाही? रोज ती मुलीच्या हातचंच खात होती, आणि मुलगी दाराआड उभी राहून रिकाम्या भांड्याची वाट बघत होती. मग बोलत का नव्हती? तुम्ही कधी घासाघीस केली असेल तर तुम्हाला कळेल. पहिला आकडा जो बोलतो तो हरतो. दोघी मायलेकी तशाच उभ्या होत्या, दुसरी आधी बोलेल म्हणून. मी मधे होतो, सगळं जाणून. मला तोंड नव्हतं. होतं ते एक बटण, आणि तेही दोनदा बोलणारं.

घासाघीस अर्ध्यावर राहिली. एका सकाळी दुकान उघडं होतं, गिऱ्हाईक काउंटरशी उभं होतं, आणि माझ्यावरचा हात जड झाला. जड, आणखी जड. मग तो हलला नाही. ते वजन मी विसरलो नाही. माऊसच्या पाठीला दुसरी आठवणच कुठली असते?

नोएमी आली. तिनं आईचा हात माझ्यावरून काढला. गिऱ्हाईक पडद्यावर तसंच उभं होतं, पिशवी पुढे धरून.

बरेच दिवस माझ्यावर फडकं होतं. मग नोएमी एकदा कॉम्प्युटर विकायला म्हणून पुसायला आली. सवयीनं चालू केला. दुकानाचं शटर खाली, आणि बाहेर रांग. ती उभ्या उभ्या बघत राहिली. मग पिशवी खांद्यावरून न उतरवताच बसली आणि शटर वर केलं.

तेव्हापासून ती रोज बसू लागली. दिवसभर सुपरमार्केटच्या काउंटरवर, संध्याकाळी आईच्या काउंटरवर. सेवेरो दारातून म्हणायचा, ‘‘पोरी, आता कळलं ना मी का बस चालवायचो?’’ पण काटेकोरपणा तिच्या हाडात मुरलेला. एकाची दोन सफरचंदं पडली की ती घाईघाईनं एक काढून घ्यायची, जणू आत बोलावणं येईल. शेवटी नवा माऊस आणला. एकाला एक. मला पडद्याच्या पायथ्याशी, तारेसकट ठेवून दिलं. आता दुकानात नफा होता. हिरवी अक्षरं. यापा नव्हता.

आणि मग ती म्हातारी येऊ लागली.

आधी ती त्या गेममध्ये कधी आली नव्हती. पिकलेले केस, अंगाभोवती तपकिरी शाल, उजवा पाय ओढत यायची. फळ्यांमधून फिरायची, काउंटरशी यायची, पिशवी पुढे करायची. थांबायची. मग पिशवी मिटून तशीच निघून जायची. डोक्यावर अक्षरं उमटायची: हवं ते मिळालं नाही.

नोएमीनं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती पडद्याला नाक लावून बसली. दुसऱ्या दिवशी तिनं सेवेरोला खुर्चीत बसवून दाखवलं.

‘‘गेमवाले नवी माणसं घालत असतात पोरी.’’

‘‘पाय बघा.’’

‘‘सगळ्या म्हाताऱ्या पाय ओढतात. मीसुद्धा ओढतो.’’ पण हे बोलताना तो पडद्याकडे बघत नव्हता.

नोएमीनं भाव उतरवले. म्हातारी गेली. तिनं दुकानात मिळेल तो प्रत्येक माल मागवला, फळ्या फुटेपर्यंत भरल्या. म्हातारी गेली. एकदा नोएमी पडद्याला हात लावून म्हणाली, ‘‘मामी, काय हवंय? बोल ना. माझ्या हातचं काहीच नको का?’’ काच थंड होती. बाकीची गिऱ्हाइकं रांगेत चुळबूळ करत होती.

मला ठाऊक होतं काय हवंय. मी हातभर अंतरावर पडलो होतो, तार तुटलेल्या घंटेसारखा.

पहिल्या वर्षी टेबल मांडलं. उसाचे दांडे कमानीसारखे बांधले, वर चढायला पावाची शिडी, चेहरे काढलेल्या पावाच्या बाहुल्या, चिचाचा, म्हणजे मक्याच्या दारूचा पेला, आणि मधोमध शेंगदाण्याचं सूप. आत्म्यानं जेवण घेतलं की अन्नाची चव जाते, असं इथे मानतात. दुसऱ्या दिवशी बारा वाजून गेल्यावर नोएमीनं चमच्यानं सूप चाखलं. खारट. जसं केलं तसं. तिनं चमचा खाली ठेवला. प्रार्थना म्हणायला आलेल्यांना पाव वाटले आणि भांडी घासायला बसली.

दुसऱ्या वर्षीही खारट. त्या वर्षी भांडं घासताना तिच्या हातून पडलं.

आज तिसरं वर्ष. यानंतर आत्मा येत नाही.

काल सकाळी नोएमी म्हणाली, ‘‘दोन सेवेरो, तिला सगळ्यात जास्त काय आवडायचं?’’

‘‘दुकान,’’ तो म्हणाला.

दोघांनी मिळून कॉम्प्युटरच टेबलावर मांडला. नोएमीनं नवा माऊस काढला आणि मला फडक्यानं पुसून जोडलं. ‘‘तिचा हा होता.’’

‘‘मग नीट करून देतो,’’ सेवेरो म्हणाला. ‘‘मेलेल्या माणसाला मोडकी वस्तू ठेवू नये.’’ त्यानं चष्मा चढवला, बारीक पेचकस घेतला, माझं पोट उघडलं. जुनी पट्टी काढली, नव्या माऊसची घातली. बटण दाबून बघितलं. एकाला एक. पुन्हा. एकाला एक. ‘‘झालं! आता शहाणा झाला.’’

चांगलं करायला गेला बिचारा. माझ्याजवळ एक शब्द होता, तो त्यानं काढून घेतला.

काल दुपारी आत्मे आले असं लोक म्हणाले. वाऱ्यानं उसाची पानं हलली. नोएमी टेबलासमोर बसून राहिली, सेवेरो डुलक्या घेत होता. आज सकाळपासून घरं प्रार्थना म्हणणाऱ्यांनी भरली आणि रिकामी झाली. बारा वाजायला आले तसा सेवेरो दार उघडायला उठला. आत्म्याला जायला वाट लागते.

नोएमीनं दुकान उघडलं. उजवा हात माझ्यावर. दोन-तीन गिऱ्हाइकं गेली. मग ती आली, पाय ओढत. फिरली. काउंटरशी आली. या वेळी तिनं तोलायला एक सफरचंद ठेवलं होतं, तेवढंच. पिशवी पुढे केली. नोएमीनं तोललं. चिठ्ठी निघाली. नोएमीनं बटण दाबलं आणि सफरचंद पिशवीत टाकलं.

म्हातारी थांबली. नेहमीसारखी.

‘‘घे ना,’’ नोएमी म्हणाली. डोळे पुसायला तिनं माझ्यावरचा हात उचलला. दोन्ही हात तिच्या तोंडावर होते. हे नीट ऐका, कारण मी काटा मारणारा नाही: माझ्यावर कुणाचाही हात नव्हता.

आणि माझ्या पाठीवर वजन आलं. डावीकडून. रुंद. पोत्यासारखं. शेंगदाण्याचा वास होता की टेबलावरच्या सुपाचा, सांगता येत नाही. माझ्या डाव्या बटणावर मधलं बोट विसावलं, आणि बटण एकदा बोललं.

पिशवीत दुसरं सफरचंद पडलं.

नोएमीनं आवाज ऐकून हात खाली घेतले. तिनं पिशवी पाहिली. म्हातारीनं पिशवी जवळ ओढली, वळली, आणि पाय ओढत दाराकडे निघाली. डोक्यावर अक्षरं उमटली नाहीत. खालच्या चर्चची घंटा वाजत होती. सेवेरोनं उघडलेल्या दारातून ऊन थेट टेबलापर्यंत आलं होतं.

‘‘घेतलंस,’’ नोएमी म्हणाली. ‘‘माझ्या हातचं घेतलंस.’’

सेवेरो परत आला, भुकेला. त्यानं टेबलावरच्या भांड्यातलं सूप चमच्यानं चाखलं आणि तोंड वाकडं केलं.

‘‘पोरी, एवढं सगळं केलंस आणि मीठच विसरलीस?’’

नोएमीनं बोट बुडवून स्वतः चाखलं. मग हसायला लागली. हसता हसता टेबलाला धरून खाली बसली. ‘‘मी? मीठ? मी कधी विसरले?’’

सेवेरोच्या हातातला चमचा हवेतच राहिला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, सुपाकडे पाहिलं, आणि टोपी काढली.

तर असं. आता दुपार कलली आहे. पाव वाटून झाले, उसाचे दांडे लोकांनी नेले. सेवेरो म्हणत होता, टेबलावरचं सगळं वाटायचं असतं, माऊससुद्धा कुणाला देऊन टाकू. नोएमीनं मान हलवली. माझं शेपूट सोडवून तिनं मला आपल्यापुढे घेतलंय. मी आता दोनदा बोलत नाही. नीट झालेला माल आहे, खात्री करून घ्या. काय झालं ते तुम्हाला जसं पटेल तसं माना. मी पैज लावायला बसलो नाही.

पण तुम्हीही कुठे ना कुठे काटा धरून बसला असाल. तोलून झालं म्हणजे हिशेब संपला असं समजू नका. समोरच्याचा हात अजून पुढेच असेल. आणि घरात कुणाशी अबोल्याची घासाघीस चालली असेल, तर पहिला आकडा तुम्ही बोला. हरलात तरी चालेल.

शटर वर जातंय. पहिलं गिऱ्हाईक येतंय, कुणीतरी टोपीवाला, साधा माणूस. सफरचंद तोललं, पैसे आले. नोएमीनं मला उचललं. कपाळ, छाती, ओठ. तिचे ओठ अजून खारट आहेत.

आता ती बटण दाबतेय. एक सफरचंद पिशवीत पडलं. ती थांबली. आणि स्वतःच्या बोटानं पुन्हा दाबलं.